सल्ला मशीनचा, बोलणी मात्र मला

पत्र:

ताई, मी उचगावला राहतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. आयटीआय टर्नर, पंधरा वर्षं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, काढली. गेल्या वर्षी कंपनीनं लाइनवर रोबो बसवले. आता माझ्याकडं आठ सेल आहेत, मशीन आणि त्याचा रोबो मिळून एक सेल. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, उचलायचा, चकमध्ये, मशीनच्या पकडीत, धरायचा, झाला की काढायचा, सगळं रोबोच करतो. मी मधोमध स्क्रीनपुढं. चार महिन्यांपूर्वी त्यात एक ‘असिस्टंट’ आला. आधी तीन नंबर बघा, मग सात नंबर, अमक्याचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदला, असं तो सांगतो. सुरुवातीला बरं वाटलं. पण मागच्या महिन्यात सहा नंबरचा आवाज मला वेगळा लागत होता आणि असिस्टंट म्हणत होता तीनचा इन्सर्ट बदला. मी त्याचं ऐकलं. तोवर सहावर क्रेटभर हाउसिंगचे बोअर, म्हणजे आतली भोकं, बाद. साहेब म्हणाले, मग तुम्ही तिथं कशाला बसलाय? पुढच्या आठवड्यात त्याचं न ऐकता दोन नंबरला गेलो. तिथं काही नव्हतं आणि इकडं पाच नंबर वीस मिनिटं उभा राहिला. तेव्हाही बोलणी मलाच, सिस्टिम सांगत होती तरी का गेला नाही? अंगमेहनत काही नाही, तरी घरी येतो ते पिळून काढल्यासारखा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो. बायको म्हणते, पूर्वी आठ तास उभं राहून यायचा तेव्हा बोलत तरी होता. ह्या असिस्टंटवर विश्वास ठेवू का नको? हाताचं काम विसरून उद्या मी निकामी होणार का? का सोडूनच द्यावं?
— एक वाचक, उचगाव

उत्तर:

नमस्कार दादा,

वहिनींचं म्हणणं आधी घेते, कारण नेमकं बोट त्यांनीच ठेवलंय. उभं राहून काम करत होता तेव्हा तुम्ही मशीन चालवत होता. आता तुम्ही वाट बघत बसता. काहीतरी बिघडणार आहे, कधी ते माहीत नाही, आठांपैकी कुठं ते माहीत नाही, आणि बिघडलं की मात्र त्याच क्षणी उठायचं. ह्या कामाला घाम येत नाही, म्हणून ते घरच्यांना दिसत नाही आणि साहेबांनाही नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला हाच प्रश्न पडला होता. रडारच्या पडद्यापुढं बसलेली चांगली तयारीची पोरं पाणबुडीची खूण डोळ्यांदेखत चुकवायची. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक घड्याळ केलं. कोरी तबकडी, सेकंदाला एक घर सरकणारा काटा, आणि क्वचित कधीतरी तो काटा एकदम दोन घरं उडायचा. उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम, दोन तास. 1948 साली निकाल छापून आला: पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागतात. ती पोरं आळशी नव्हती, सैन्यातली होती. तेव्हा आठ तास स्क्रीनकडं टक लावून बसायची अपेक्षा कुणी तुमच्याकडून करत असेल, तर ती माणसाकडून पुरी होणारी अपेक्षाच नाही. ‘तुम्ही तिथं कशाला बसलाय’ ह्या प्रश्नानं झोप घालवून घेऊ नका.

आता आठ सेलचं बघू. हा आकडा कुणी काढला? बहुतेक ठिकाणी तो जागेवरून आणि पगाराच्या खर्चावरून निघतो, माणसावरून निघत नाही. खरं तर माणसावरून काढायचं साधं गणित आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या डॅन ओल्सन आणि मायकेल गुडरिच ह्यांनी वीसेक वर्षांपूर्वी ते मांडलं. एक रोबो तुमच्याशिवाय किती मिनिटं नीट चालतो आणि मग तुमची किती मिनिटं खातो, हे दोन आकडे घ्यायचे. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं आणि एक मिळवायचा. समजा तुमचा सेल 14 मिनिटं बिनबोभाट चालतो आणि मग 2 मिनिटं मागतो. चौदा भागिले दोन सात, अधिक एक, आठ. म्हणजे आठ सेल बसले, पण कसे? आठही सेलनी रांगेत शिस्तीत एकामागून एक बोलावलं तर, आणि तुम्ही पाणी प्यायलाही उठला नाहीत तर. हीच 2 मिनिटं 3 झाली, की हिशेब सहाच्याही खाली येतो. आणि तीन मिनिटं सहज होतात. दुसऱ्या सेलवरून आल्यावर ‘इथं काय चाललं होतं बरं’ हे डोक्यात यायलाच थोडा वेळ जातो, तो कुणी मोजत नाही.

भार तरी किती असावा? मेरी कमिंग्ज आणि स्टेफनी गर्लेन ह्यांनी 2007 मध्ये एका माणसानं एकाच वेळी अनेक क्षेपणास्त्रं सांभाळण्यावर काम केलं. 12 पर्यंत माणसं टिकली, 16 ला काम घसरलं, आणि माणूस वेळेच्या 70 टक्क्यांहून जास्त गुंतला की काम बिघडायला लागतं असं त्यांना दिसलं. तुमचे रोबो क्षेपणास्त्रं नाहीत, पण डोकं तेच आहे. एक शिफ्ट खिशात कागद ठेवा आणि प्रत्येक सेलवर किती वेळ गेला ते पेन्सिलीनं टिपा. साहेबांपुढं ‘लई दमतो’ म्हणण्यापेक्षा तो कागद ठेवलेला बरा.

असिस्टंटची बाजूही मांडते, नाहीतर अन्याय होईल. अशी सोय मुळातच फसवी आहे असं नाही. इस्राएलच्या बार-इलान विद्यापीठात सरित क्राऊस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या हाती दहा रोबो दिले, काम गोदामातलं आणि शोध-बचावाचं. आता कशाकडं बघा हे सुचवणारा एक सॉफ्टवेअर-मदतनीस जोडला, तेव्हा काम स्पष्ट सुधारलं. 2015 मध्ये त्यांनी ते मांडलं. दहा ठिकाणांतून निवडायचा भार कमी होतो हे खरंच आहे, तुम्हालाही सुरुवातीला बरं वाटलंच होतं.

पण कुठं बघायचं हे दुसऱ्यानं ठरवायला लागलं, की हळूहळू आपण बाकीकडं बघायचं सोडतो. 1999 मध्ये लिंडा स्किटका, कॅथलीन मोझियर आणि मार्क बर्डिक ह्यांनी विमान चालवण्यासारख्या एका नकली कामावर हे तपासलं. काही जणांना बहुतेक वेळा बरोबर असणारा संगणकी मदतनीस दिला, काहींना फक्त मीटर. मदतनीस गप्प राहिला तेव्हा त्याच्यावर विसंबलेल्यांनी पुढ्यातल्या घडामोडी सोडून दिल्या. तो चुकीचं बोलला तेव्हा समोरचे मीटर बरोबर दाखवत असतानाही पुष्कळ जणांनी त्याचंच ऐकलं. नुसत्या मीटरवाल्यांनी ही कामं जास्त बरी केली. तुमचा सहा नंबर ह्याच खात्यात जातो. कानांना कळलं होतं, पण स्क्रीनवर तीन लिहिलं होतं.

सहा नंबरवर काय झालं असावं, ह्यासाठी मी माझ्या ओळखीच्या एका सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराला, नाव-गाव झाकून तुमचं पत्र वाचून दाखवलं. शिरोलीच्या कारखान्यांत आयुष्य गेलेला माणूस. तो पत्र संपायच्या आधीच हसायला लागला. म्हणाला, “कास्टिंगचा, ओतीव मालाचा, लॉट बदलला असंल बघा. पार्टिंग लाइनला, म्हंजे साच्याच्या जोडाला, फ्लॅश, जादा धातूची कड, राहिली की ग्रिपर जॉब जरा तिरका धरतोय. सेन्सरला काय, जॉब आलाय एवढंच कळतंय. चकमध्ये बी तिरकाच बसतोय, बोअर सरकतोय, आन् कापताना आवाज बदलतोय. तुमचा असिस्टंट कास्टिंगवर हात फिरवून बघतोय व्हय?” तुमच्याकडं नेमकं हेच झालं असेल असा माझा दावा नाही, तुम्ही तिथं होता, मी नाही. पण मुद्दा ध्यानात घ्या. फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, घाई झाली, ग्राइंडरवाल्यानं शिवण नीट मारली नाही, ही बातमी स्क्रीनपर्यंत पोचायला वाटच नाही. तुमच्या कानापर्यंत मात्र ती पोचली होती.

म्हणून ‘विश्वास ठेवू का नको’ ह्याचं उत्तर मी हो किंवा नाही असं देणार नाही. त्याला काय मोजता येतं ते बघा. इन्सर्टनं किती जॉब काढले हे तो मोजतो, त्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा त्याची आठवण पक्की. सायकल टाइम दोन सेकंदांनी वाढला हे त्याला तुमच्या आधी कळणार. पण नवा लॉट, सुटीनंतरच्या पहिल्या शिफ्टला थंड मशीनवर हलणारा बोअर, कालच कुणीतरी बदललेला ऑफसेट (टूलच्या जागेचं माप), कूलंटचा बदललेला वास, ह्यांतलं त्याला किती ठाऊक असतं, हे तुम्हाला आणि फक्त तुम्हालाच तपासता येईल.

त्यासाठी एक सवय लावून घ्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. आधी आपला अंदाज, मग त्याचा सल्ला. सल्ल्याची पट्टी वाचायच्या आत आठही सेलवरून नजर आणि कान फिरवायचे आणि मनात ठरवायचं, मी असतो तर आत्ता कुठं गेलो असतो. मग पट्टी वाचायची. सल्ला आधी वाचला की डोळे त्याच्याच बाजूचे पुरावे गोळा करतात, हे माझं-तुमचं सगळ्यांचंच होतं. पट्टी सारखी डोळ्यांत येत असेल तर सेटरबुवांनी उपाय सुचवलाय: जॉब कार्डाचा एक पुठ्ठा कापून स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर टेकवा. साहेबांना आधी सांगून, नाहीतर त्यावरून नवीन महाभारत.

आणि एक वही घाला. वेळ, माझा अंदाज, त्याचा सल्ला, शेवटी निघालं काय. शिफ्टला आठ-दहा नोंदी पुरेत, सगळ्या नकोत. तुमच्या चुका पण लिहा. दोन नंबरला गेलात आणि तिथं काहीच नव्हतं, हे पहिल्या पानावर यायला पाहिजे, नाहीतर वहीला कुणी किंमत देणार नाही. महिन्याभरात चित्र दिसायला लागेल. कदाचित असंही निघेल की टूलच्या बाबतीत तो दहापैकी नऊदा बरोबर आणि नव्या लॉटच्या दिवशी निम्म्यालाही नाही. मग रोज घाबरायची गरज राहत नाही. कधी त्याचं ऐकायचं आणि कधी उठून जायचं, ते कागदावर असतं.

कुकरच्या शिट्टीवरून एक विचारते. तुमच्या स्क्रीनला कूलंट कमी झाला तरी तोच बीप आणि ग्रिपरमधून जॉब सुटला तरी तोच बीप, असं आहे का? असेल तर तो प्रकार आधी बंद करून घ्या. 24 जुलै 1994 ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला टेक्साकोच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याच्या आधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढं 275 अलार्म आले होते. वाचणार कोण आणि करणार काय? अशा उद्योगांसाठी ईमुआ ह्या ब्रिटिश संस्थेची 191 क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. नेहमीच्या चालू कामात सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा कमी अलार्म असला तर माणसाला झेपतो, असा तिचा अंदाज. तुमच्याकडं तासाला किती वाजतात, मोजा एकदा.

आपल्याकडं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं पाणी बघा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, अख्ख्या कोल्हापूरला पाठ. दोनच रेघा, आणि प्रत्येक रेघेला काय करायचं ते नदीकाठच्या पोराटोरांनाही माहीत. इंचाइंचाला भोंगा वाजला असता तर 43 ला कुणी कूस बदलली नसती. तुमच्या आठ सेलनाही अशाच दोन रेघा पाहिजेत. बाकीचं सगळं मुकाट्यानं यादीत जाऊन बसू दे.

हाताचं काम विसरण्याची भीती रास्त आहे, ती मी उडवून लावणार नाही. लिझन बेनब्रिज ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली ह्यावर एक छोटा लेख लिहिला, तो अजून जगभर वाचला जातो. त्यांचं म्हणणं असं: सोपं ते सगळं मशीनला देतात आणि मशीनला न जमणारं अवघड तेवढं माणसाकडं ठेवतात. पण रोजचं सोपं काम गेलं की त्या अवघड कामाचा सरावच उरत नाही. म्हणजे ज्या दिवशी रोबो हात टेकणार, त्या दिवशी सगळ्यात तयार माणूस पाहिजे, आणि नेमका तोच महिनोन्महिने नुसता बसून राहिलेला. ह्यावर त्यांनी सुचवलेला एक उपाय तुमच्या लाइनला लागू पडतो: रोज थोडा वेळ हातानं काम करू द्यावं. तुम्ही आठवड्यातून एखाद्या दिवशी दोन तास एक सेल मॅन्युअलवर मागा. जॉब स्वतः धरा, ऑफसेट स्वतः द्या, बोअर गेज स्वतः लावा. कंपनीला थोडं उत्पादन कमी मिळेल, ते लपवू नका. त्यांना सांगा की रोबो बंद पडल्यावर लाइन कोण चालवणार हा प्रश्न आत्ताच सोडवून ठेवतोय.

साहेबांशी बोलायचं तर माझ्या मते मूळ दुखणं इथंच आहे. असिस्टंट चुकला तर त्याला कुणी विचारत नाही. तुम्ही ऐकलं तरी तुमची चूक, नाही ऐकलं तरी तुमचीच. जबाबदारी सगळी तुमच्याकडं, आणि निर्णय नक्की कुणाचा हे कुणी सांगितलेलंच नाही. अशा जागी शांत स्वभावाचा माणूससुद्धा चिडका होतो. हे रिजेक्शन झालेल्या दिवशी, तापलेल्या डोक्यानं मांडू नका. वहीचा महिना भरला की शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मागा आणि असं काहीतरी म्हणा: “साहेब, असिस्टंट कुठं उपयोगी पडतोय आणि कुठं चुकतोय, ते मी लिहून काढलंय. नवा लॉट आला की त्याचा अंदाज बिघडतोय. सल्ला नाकारला तर कारण लिहायला स्क्रीनवर एक जागा करून घेऊ. आणि कारण लिहून मी दुसऱ्या सेलला गेलो, तर ती माझी चूक धरायची का नाही, ते आत्ता ठरवू.” शेवटचं वाक्य गाळू नका. तुमच्या दोन्ही वेळच्या बोलण्यांचं मूळ त्या वाक्यात आहे.

साहेबही काही राक्षस नसतात, दादा. सिस्टिम घेतली ती वरच्यांनी, आकडे विचारतात ते ह्यांना. तुमची वही त्यांनाही वर दाखवायला कामी येईल. सॉफ्टवेअर देणाऱ्याच्या माणसालाही ती पाहिजेच असते. रोबोपुढं बसलेल्या माणसाचं म्हणणं त्याच्यापर्यंत एरवी पोचतच नाही.

घरचं थोडक्यात. कंपनीचं अ‍ॅप फोनवर असेल आणि शिफ्टनंतरही वाजत असेल, तर शिफ्ट सोपवल्यावर ते बंद करा. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला दोन मिनिटं तोंडी सांगा, रजिस्टरला सही करा, तिथं तुमचं काम संपलं. घरी आल्यावर लगेच कुणी काही विचारू नये असं वाटत असेल तर वहिनींना तसं सांगून टाका, त्यांना ते गप्प बसण्यापेक्षा बरं वाटेल. झोप लागेनाशी झाली किंवा चिडचिड हातघाईवर यायला लागली, तर मात्र डॉक्टरांकडं जा, सदरांच्या भरवशावर राहू नका.

राहिला सोडायचा प्रश्न. रोबो आले तरी माणसं लागणारच, असं गोड बोलून मी तुमची समजूत काढणार नाही. लाइनवर माणसं कमी होतायत हे तुम्ही रोज बघताय. पण नवा सेल बसवताना, रोबोला जॉब धरायला शिकवताना आणि सॉफ्टवेअरचा सल्ला तपासताना कापण्याच्या आवाजावरून दोष ओळखणारा टर्नर लागतो, आणि त्याला स्क्रीनही कळत असेल तर तो सहज सापडत नाही. कंपनीत रोबो प्रोग्रॅमिंगचं ट्रेनिंग निघालं की पहिलं नाव तुमचं द्या, मागून बघू म्हणू नका. साहेबांशी बोलून झाल्यावर दोन-तीन महिने थांबा. कारण लिहायची जागाही मिळाली नाही, सेलही कमी झाले नाहीत आणि बोलणी तशीच चालू राहिली, तर खुशाल दुसरीकडं बघा. गोकुळ शिरगाव काय, शिरोली काय, हातात कसब असलेल्या माणसाला विचारणा होते. मुलाखतीला बसलात की पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा: एका माणसाकडं किती सेल, आणि सिस्टिमचा सल्ला डावलला तर इथं काय होतं?